चालता येतं, पण एवढं नाही: विमानतळावरची पायपीट

पाचपाखाडीकर (शनिवार, रात्री १०.४०)

मंडळी, धागा काढायचं कारण आमचे बाबा. वय ७६. रोज संध्याकाळी पाचपाखाडीतून तलावपाळीपर्यंत चालत जातात. पोचले की कठड्यावर टेकतात, पाच मिनिटं बोटी बघतात, मग अर्धी फेरी, मग परत टेकणं. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रोज तलावपाळीला फेरी असते माझी." मधलं टेकणं त्यात येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एमआरआय काढला तेव्हा आजाराचं नाव कळलं. लंबार कॅनाल स्टेनोसिस, म्हणजे कण्यातली नसांची वाट अरुंद झालीय. दोनशे-अडीचशे पावलं झाली की मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत मुंग्या. दोन मिनिटं बसलं की गडी पुन्हा टकाटक. त्यामुळे बघणाऱ्याला काही कळतच नाही.

गेल्या वर्षी आईबाबा ताईकडे हॅम्बुर्गला गेले. मधे विमान बदलायचं होतं. कुठल्या विमानतळावर ते राहू दे. निघायच्या आधी मी व्हीलचेअरचं सुचवलं तर बाबा भडकले, "मला काय धाड भरलीय? धडधाकट माणूस खुर्चीत बसून चाललाय, लोक हसतील." विषय संपला.

तिकडे उतरल्यावर पाटी दिसली, 'गेटपर्यंत १८ मिनिटं'. १८ मिनिटं कोणाची हो? पाठीला सॅक लावून धावणाऱ्या पोराची की स्टेनोसिसवाल्या म्हाताऱ्याची? वाटेत तीन सरकते पट्टे, त्यातले दोन बंद, चालू होता त्याच्यावर गर्दी. बसायची जागा म्हणाल तर कॉफीच्या दुकानात, म्हणजे आधी कॉफी घ्या मग बूड टेका. शेवटी बाबा जाहिरातीच्या खांबाला जो सहा इंचांचा चौथरा असतो ना, त्यावर बसले. आईच्या हातात दोघांचे पासपोर्ट, दोन्ही पिशव्या आणि डब्यातल्या दशम्या. असं तीनदा झालं. गेट बंद व्हायला चार मिनिटं उरली असताना पोचले.

यातलं अक्षरही बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. आईने सहा महिन्यांनी, एका भांडणात, वेगळ्याच मुद्द्यावर बोलताना बाहेर काढलं.

आता मे महिन्यात पुन्हा जायचंय, या वेळी फ्रँकफर्टवरून. माझा प्रश्न साधा आहे. ज्याला चालताच येत नाही त्याच्यासाठी खुर्ची आहे. ज्याला सगळं येतं त्याला काही नकोच. पण चालता येतं, फक्त एवढं नाही, अशा माणसाने काय करायचं? ठाण्यात प्रत्येक सोसायटीत असे दहा तरी निघतील, आणि निम्म्यांची मुलं परदेशात आहेत. अनुभव सांगा. बाबांना पटवायची युक्ती असेल तर आधी ती सांगा.

घोडबंदरचा राजा (शनिवार, रात्री १०.५२)

आमचा सल्ला: आधी घोडबंदर रोडवरून विमानतळापर्यंत पोचून दाखवा, टर्मिनलमधल्या पायपिटीचं मग बघू.

(गंमत केली. वाचतोय.)

टारमॅक (शनिवार, रात्री ११.३०)

नऊ वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये काढली, आता सोडलं. कळव्यात राहतो.

दादा, तुम्ही धाग्याला जे नाव दिलंय ना, नेमक्या त्याच वाक्याचा कोड आहे, आणि तो जगभर चालतो. व्हीलचेअर मागितली की तिकिटाच्या नोंदीत तीनपैकी एक कोड पडतो: डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस किंवा डब्ल्यूसीएचसी. सगळा खेळ शेवटच्या अक्षराचा.

आर म्हणजे रॅम्प. हा माणूस जिना चढतो-उतरतो, विमानात स्वतःच्या पायाने सीटपर्यंत जातो, फक्त टर्मिनलमधलं लांबचं अंतर त्याला झेपत नाही. एस म्हणजे स्टेप्स. जिना जमत नाही, पण आत सीटपर्यंत जातो. सी म्हणजे केबिन. त्याला सीटपर्यंतही न्यावं लागतं, त्यासाठी विमानात मावणारी अरुंद खुर्ची वेगळी येते. तुमचे बाबा आर.

आता गोची कुठे होते सांगतो. घरचे फोन करतात, नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणतात. पलीकडची मुलगी विचारते, जिना चढता येतो का? घरच्यांना वाटतं 'हो' म्हटलं तर खुर्ची नाकारतील. म्हणून "नाही" म्हणतात आणि एस पडतो. मग विमान एरोब्रिजला (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या पुलाला) न लागता लांब उभं राहिलं, की त्या माणसासाठी ऍम्ब्युलिफ्ट मागवावी लागते. ट्रकवर खोली बसवलेली असते, ती उचलून दाराला लावतात. ती दुसऱ्या विमानाकडे अडकली असेल तर काका बसलेत वाट बघत, आणि ज्याला खरंच तिची गरज आहे तोही बसलाय. जिना चढता येत असेल तर तसं सांगा, खुर्ची तरीही मिळते.

विनंती निघायच्या निदान ४८ तास आधी करा. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे याचे पैसे लागत नाहीत. आणि नुसत्या फोनवर विसंबू नका, ई-तिकिटावर किंवा ॲपमध्ये नोंद दिसते का ते बघा. जाताना-येताना दोन्हीकडची.

शंकासुर (रविवार, सकाळी ७.१५)

कटू बोलतो, राग मानू नका. अर्ध्या लोकांना खुर्ची लागतच नाही. रांगेत उभं राहायला नको म्हणून घेतात. अमेरिकेच्या विमानाला गेटवर खुर्च्यांची ही रांग, आणि तिकडे उतरलं की सगळे उठून पट्ट्यावरून तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा उचलतात. डोळ्यांनी पाहिलंय. मग ज्याला गरज आहे त्याला मिळणार कशी?

टारमॅक (रविवार, सकाळी ८.०५)

शंकासुर, हे होतं, नाकारत नाही. शिव्या आम्हीच खाल्ल्यात. पण त्यातल्या बऱ्याच जणांची अडचण पायाची नसते. गावाकडची आजी पहिल्यांदा एकटी सुनेच्या बाळंतपणाला निघालीय, इंग्रजी येत नाही, कनेक्शन चुकेल ही धास्ती. तिला खुर्ची नकोय, सोबत हवीय. सोबतीचा कोड वेगळा आहे, एमएएएस, आम्ही 'मास' म्हणायचो. भेटा आणि मदत करा. काही कंपन्या देतात, काही पैसे घेतात, आणि फारसं कोणाला माहीतच नसतं. म्हणून सगळे खुर्चीवर येऊन बसतात.

नौपाड्याची काकू (रविवार, सकाळी ९.२०)

शंकासुर, मी चार वेळा खुर्चीतून गेलेय. रांग वाचते हे खरं. त्याबदल्यात काय काय होतं तेही ऐका.

एका ठिकाणी (विमानतळ नको सांगायला, आपल्या देशातला नव्हता) त्या मुलाने मला आणि आणखी सहा जणांना एका कोपऱ्यात ओळीने लावलं आणि "वन आवर" म्हणून गेला. समोर शौचालयाची पाटी, पन्नास पावलांवर. मला तेवढं चालता येतं. पण उठले आणि तेवढ्यात तो आला तर? खुर्ची दुसऱ्याला दिली तर? शेजारी एक पंजाबी बाई होत्या, त्यांचाही हाच विचार चाललेला. शेवटी आम्ही पाळी लावली. एक जाणार, दुसरी तिच्या खुर्चीवर पर्स ठेवून राखण करणार. भाषा एकमेकींची धड येत नव्हती, पण एवढं कळायला भाषा कशाला लागते!

तेव्हापासून माझे नियम. खुर्चीत बसायच्या आधी जाऊन यायचं. पाण्याची बाटली सिक्युरिटीनंतर लगेच भरून घ्यायची. बोर्डिंग पास आणि पासपोर्ट आपल्याच गळ्यात, ढकलणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही. आणि मुलाला पहिल्यांदाच सांगायचं, "बाळा, मला चालता येतं, मी उठले तर घाबरू नकोस."

हाडवैद्य (रविवार, सकाळी १०.४५)

वाशीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस आहे. पाचपाखाडीकर, तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे.

चालताना पाय भरून येणं दोन प्रकारचं असतं. एक, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. हा माणूस नुसता उभा राहिला तरी दोन-चार मिनिटांत बरा होतो. दुसरं, कण्यातल्या नसा दाबल्या जाणं, तुमच्या बाबांसारखं. याला उभं राहून आराम पडत नाही, ताठ उभं राहणं हेच त्याचं दुखणं. त्याला बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, कारण वाकलं की कण्यातली जागा थोडी मोकळी होते. असे पेशंट सुपरमार्केटमध्ये ढकलगाडीवर ओणवे होऊन तासभर फिरतात आणि घरी येऊन म्हणतात, मला तर काही झालं नाही!

याचा विमानतळाशी संबंध असा:

सामानाची ट्रॉली ही बाबांची काठी. बॅगा चेक-इन झाल्या तरी लगेच सोडू नका. सिक्युरिटीच्या पलीकडे छोट्या ट्रॉल्या असतील तर त्यात हातातली पिशवी टाका आणि दांड्यावर कोपर टेकून चालू द्या.

सरकत्या पट्ट्याचा बाबांना फार उपयोग नाही. त्यावर ताठ उभंच राहावं लागतं. रक्तवाहिन्यांचा त्रास असलेल्याला किंवा दम लागणाऱ्याला मात्र पट्टा हे वरदान.

आणि रांग! चालण्याइतकंच रांगेत थांबणं बाबांना जड जाणार. इमिग्रेशनला अर्धा तास उभं राहून पाय भरले की पुढचं चालणं तिथेच संपलं. खुर्चीची गरज मीटरमध्ये मोजू नका. शंकासुर, तुम्हाला जी 'रांग वाचवणं' वाटते, ती काहींच्या बाबतीत औषधाची मात्रा असते.

सरकता जिना (रविवार, दुपारी १२.१०)

हाडवैद्यांनी पट्ट्याला नापास केलं म्हणून बाजू मांडायला आलो. ऐरोलीत राहतो. लिफ्ट, एस्केलेटर आणि हे पट्टे यांच्या देखभालीत आयुष्य गेलं.

पट्टा नवा नाही. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. विमानतळावर पहिल्यांदा बसला १९५८ मध्ये, डॅलसच्या लव्ह फील्डवर. पण वेगाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. नेहमीचा पट्टा सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर सरकतो. अर्ध्या मीटरचा हिशेब केला तर शंभर मीटरच्या पट्ट्यावर नुसतं उभं राहून तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढंच अंतर आपण साधं चालत दीड मिनिटाच्या आत कापतो. म्हणजे उभं राहिलात तर पाय वाचतात, वेळ जातो. आणि चालणारेसुद्धा पट्ट्यावर आले की नकळत वेग कमी करतात, शिवाय पुढे कोणीतरी बॅग आडवी लावून उभा असतोच.

मग जोरात का पळवत नाहीत? पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात २००२ मध्ये ताशी १२ किलोमीटरचा पट्टा बसवला होता. लोक धडाधड पडायला लागले. वेग ९ वर आणला, तरी कुरकुर थांबेना, शेवटी काढूनच टाकला. चढताना आणि उतरताना वेग बदलायचा कसा, सगळं घोडं तिथे अडतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी धोका मधे नसतो, शेवटी असतो. तिथे कंगव्यासारख्या दातांची पट्टी असते, पट्ट्याच्या खाचा तिच्याखाली शिरतात. पाय न उचलता घसटत आलं की चपलेचं टोक अडकतं. त्यात माणूस मोबाईलमध्ये, किंवा मागे वळून "अहो, येताय ना?" म्हणणारा. आईंना सांगा: कठड्याचा सरकता पट्टा धरायचा, शेवट दिसला की नजर खाली, आणि एक पाऊल मुद्दाम उचलून टाकायचं. साडी असेल तर निऱ्या हातात. आणि उतरल्यावर तिथेच थांबून पाट्या वाचायच्या नाहीत, मागचा अंगावर येतो.

मुक्ता कोपरखैरणे (रविवार, दुपारी १.३५)

मी ३४ वर्षांची आहे. संधिवात, ऱ्हुमॅटॉइड. पहाटेच्या विमानाला सगळे सांधे आखडलेले असतात, दुपारी मी बरी असते. खुर्ची मागितली की काउंटरवरची नजर आधी माझ्या चेहऱ्याकडे जाते, मग बुटांकडे. एकदा मागच्या काकांनी ऐकू जाईल असं म्हटलं, "हल्ली सगळेच बसतात." शंकासुर, ते तुम्ही नव्हतात ना?

न दिसणाऱ्या आजारांसाठी सूर्यफुलाची हिरवी फीत निघालीय, गळ्यात घालायची. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. ती घातली म्हणजे खुर्ची किंवा वेगळी रांग मिळालीच असं नाही. कर्मचाऱ्याला एवढंच कळतं की या माणसाला थोडा वेळ द्या, थोडं समजून घ्या. मला तेवढं पुरतं. निदान कोणी बुटांकडे बघत नाही.

शंकासुर (रविवार, दुपारी २.०२)

मी नव्हतो. पण असं मनात म्हटलं असेन कधीतरी. मुद्दा पोचला.

तरीही माझं मूळ म्हणणं सोडत नाही. खुर्च्या आणि माणसं मोजकीच असतील तर वाटणी नीट हवी.

सानपाडा फास्ट (रविवार, संध्याकाळी ६.१५)

वाटणी चुकली तर काय होतं ते २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर दिसलं. न्यूयॉर्कहून आलेलं वयस्कर जोडपं, दोघांची खुर्ची नोंदवलेली, मिळाली एक. बायकोला बसवून ८० वर्षांचे गृहस्थ शेजारून चालत निघाले. इमिग्रेशनपर्यंत गेले आणि कोसळले, त्यातच गेले. डीजीसीएने विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. कंपनीचं म्हणणं होतं की दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबा असं सांगितलं होतं. पण बायको पुढे चाललीय आणि नवरा मागे थांबलाय, हे त्या पिढीत होणार आहे का?

पाचपाखाडीकर, म्हणून सांगतो, आईंना गुडघ्याचा वगैरे त्रास असेल तर दोघांच्याही नावाने विनंती करा. आणि दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघांनीही हलायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा.

खाडीपलीकडची (रविवार, संध्याकाळी ७.००)

अवांतर: ठाण्याहून विमानतळावर मेट्रोने जायची हौस असेल तर घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो १, मग मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३, पुढचंच स्टेशन टर्मिनल २ चं. एसीतून छान जाता येतं. पण घाटकोपरचा पूल आणि मरोळचं बदलणं धरून जे चालणं होतं, त्यात बाबांचा अख्ख्या दिवसाचा कोटा संपेल. कॅब करा.

उलवेवासी (रविवार, रात्री ९.१०)

आमच्या दारातल्या नवी मुंबई विमानतळाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? २५ डिसेंबर २०२५ पासून इथून विमानं उडतात. मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन गेलो. देशातल्या देशात.

मला तिथल्या चालण्यापेक्षा पुढचं जास्त डोक्यात येतं. आत्ता एक टर्मिनल आहे, वर्षाला दोन कोटी प्रवाशांचं. पुढे चार होणार आणि क्षमता नऊ कोटींवर जाणार. चारही टर्मिनल जोडायला आपोआप धावणारी गाडी, पीपल मूव्हर, आराखड्यात आहे. उत्तम. पण ती टर्मिनलपासून टर्मिनलपर्यंत नेणार. दारापासून गेटपर्यंतचं काय?

अमेरिकेत टॅम्पा म्हणून विमानतळ आहे. १९७१ मध्ये उघडला. त्यांनी आधी ठरवलं की प्रवाशाला एका दमात साधारण ७०० फुटांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि मग त्या मापाने इमारत काढली. मधे मुख्य इमारत, भोवती विमानं लागायच्या इमारती, जोडायला छोट्या गाड्या. विमानतळावर अशी गाडी धावली ती तिथेच पहिल्यांदा. नंतरचे विमानतळ मोठे होत गेले तसं चालणंही वाढत गेलं, कारण विमानाचे पंखच एवढे रुंद की प्रत्येक गेटमागे तेवढी भिंत वाढते. वर वाट दुकानांमधून वळवून न्यायची, ती वेगळीच. सिक्युरिटी संपल्यावर सरळ गेटकडे जायचा रस्ता किती ठिकाणी आहे सांगा. परफ्यूमच्या गल्लीतून नागमोडी नेतात, सासूबाई म्हणाल्या, "हे गणपतीच्या देखाव्यासारखं का फिरवतायत?"

मला विचाराल तर एकच मागणी. दर शंभर पावलांवर बाक. पाठ असलेलं, हात असलेलं, फुकट. पट्टा बिघडतो, बग्गीची बॅटरी संपते, बाक कधी बंद पडल्याचं ऐकलंय?

हाडवैद्य (रविवार, रात्री ९.४०)

बाकाला शंभर टक्के अनुमोदन. हात हवेतच, गुडघेवाल्याला हात नसलेल्या बाकावरून उठता येत नाही. आणि फार बुटकं नको. डिझायनर मंडळी जी जमिनीलगतची गोल गुबगुबीत बसकण ठेवतात, तिच्यावर बसलेला माणूस उठवायला दोघे लागतात.

सरकता जिना (रविवार, रात्री ९.५५)

बाक बंद पडत नाही, पण त्यावर लोक आडवे झोपतात की हो.

पाचपाखाडीकर (सोमवार, रात्री ११.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी प्रयोग केला. बाबांबरोबर तलावपाळीला गेलो आणि ते कठड्यावर टेकल्यावर टारमॅक यांचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला. नुसता वाचला, काही सुचवलं नाही.

बराच वेळ बोटींकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं की याला चालता येतं?"

म्हटलं, हो, आर म्हणजे तेच.

"जिना चढतो, सीटवर स्वतः जातो, असं?"

हो.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

पोस्टात ३५ वर्षं काढलेला माणूस. खुर्चीची लाज होती, कोडची नाही. घरी येऊन आईला समजावत होते की तू एस मध्ये मोडतेस, मी आर. आई म्हणाली, मी कशातच मोडत नाही, माझा गुडघा मोडलाय.

आता फ्रँकफर्टबद्दल कोणी सांगेल का?

युरोपरिटर्न (मंगळवार, सकाळी ६.५०)

तीन वर्षं तिथे होतो, आता माजिवड्यात. युरोपीय संघात २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार चालायला अडचण असलेल्या प्रवाशाची मदत ही विमानतळ चालवणाऱ्याची जबाबदारी. अमेरिकेत तीच जबाबदारी विमान कंपनीची, १९८६ च्या कायद्याने. हे माहीत असलं की अडल्यावर कोणाकडे बोट दाखवायचं ते कळतं. विनंती मात्र तुम्ही विमान कंपनीलाच करायची, ४८ तास आधी, ती पुढे विमानतळाला कळवते.

फ्रँकफर्टला टर्मिनल १ मध्ये बी भागातून ए भागाकडे जायला जमिनीखालून लांब बोगदा आहे. त्याआधी पासपोर्टची रांग, कारण शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) प्रवेश तिथेच होतो, हॅम्बुर्गचं विमान देशांतर्गत धरतात. एका तासाचं कनेक्शन घेऊ नका. अडीच-तीन तास ठेवा. आणि विमानाच्या दारात जो माणूस नावाचा कागद घेऊन उभा असेल, त्याला भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपले लोक गर्दीबरोबर वाहत जातात आणि तो बिचारा दारात उभाच राहतो.

एक छोटी गोष्ट. सीट शक्यतो पुढच्या रांगांत घ्या, पण खुर्चीवाल्यांना उतरवतात सगळ्यांच्या शेवटी. उठून उभं राहायची घाई नको.

पाचपाखाडीकर (२१ मे, दुपारी ४.१०)

अपडेट. पोचले!

मुंबईत काउंटरपासून गेटपर्यंत दोन खुर्च्या. नौपाड्याच्या काकूंचा शौचालयाचा नियम आईने काटेकोर पाळला, बाबांनाही पाळायला लावला. बाबा सिक्युरिटीनंतर उठून म्हणाले, "थोडं चालतो," आणि त्या मुलाच्या शेजारून रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून चालले. हाडवैद्य, तुमची ट्रॉलीची युक्ती त्यांनी अशी वापरली.

फ्रँकफर्टला खुर्ची थोडाच वेळ, मग बॅटरीची गाडी. मागच्या सीटचं तोंड उलटं. बाबा तिथे बसले, दोघांच्या पिशव्या मांडीवर. सगळा विमानतळ आपल्यापासून लांब जाताना दिसतो म्हणे. आईने फोटो काढलाय, बाबा बोगद्यातून पायी येणाऱ्या लोकांना हात करतायत.

एकच घोळ. परतीचं तिकीट आत्ता तपासलं, त्यावर बाबांच्या नावापुढे एस पडलाय. फोन ताईने केला होता, तिला विचारलं तर म्हणते, "जिना चढतात का विचारलं, मी म्हटलं, कशाला चढायला लावता!" टारमॅक, बदलून मिळेल का?

टारमॅक (२१ मे, संध्याकाळी ५.३०)

मिळेल. पण ताईंना नका करायला लावू, बाबांनाच फोनवर द्या.